दोन बोटं उंच काच

इथं अंकलेश्वरला आमच्या खोलीसमोरून कंपन्यांकडं जाणारा रस्ता आहे. पाळी सुटली की मोटारसायकलींची रांग लागते. एखाद्या गाडीला पुढं उंच, आरपार दिसणारी काच बसवलेली असते. विकतची, छान वळण दिलेली. माझं लक्ष आधी त्या काचेकडं जातं, मग चालवणाऱ्याच्या कपाळाकडं. आणि मनात येतंच, अजून दोन बोटं उंच पाहिजे होती, याच्या कपाळावर वारा बसतोय.

हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही. माझी शाळा आठवीतच सुटली. आई-बाप कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे, त्यांच्यामागं आम्ही भावंडं. एका वर्षी परत आलो तेव्हा हजेरीत माझं नाव नव्हतं, आणि ते परत घाला म्हणून सांगायला कुणाला सवड झाली नाही. काचेचं हे ज्ञान मला कचरूनानांनी दिलं. त्याला ज्ञान म्हणावं का, ते माझं अजून ठरत नाही.

नाना श्रीरामपूरजवळच्या बेलापूरचे. बेकरीतून टोस्ट, खारी, बटर, नानकटाई घ्यायची, मोटारसायकलच्या मागं दोन्ही अंगांना पत्र्याचे डबे लावायचे आणि उजाडताना प्रवरेचा पूल ओलांडून गावोगाव विकत फिरायचं, हा त्यांचा धंदा. आधी सायकलवर, मग जुन्या मोटारसायकलवर. उंच, हडकुळा माणूस. शर्टाचं वरचं बटण नेहमी लावलेलं. आवाज असा की गावाच्या वेशीवर "एऽऽ टोस्ट-खारीऽऽ" म्हणाले की शेवटच्या गल्लीतल्या बाया पातेली घेऊन बाहेर यायच्या. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून ह्यांना जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर ठेवून परत उचललं होतं, म्हणून नाव कचरू. ते स्वतःच हसून सांगायचे, "मला देवानं एकदा टाकून दिलाय. टाकल्याली वस्तू कुनी चोरत न्हाई. यम सुदिक न्हाई."

आमची गाठ पडली ती बेकरीच्या पायरीवर. मी लग्न होऊन नुकतीच आले होते. नवऱ्याला भट्टीवर काम लागलं होतं, पण ज्या खोलीच्या भरवशावर आलो ती घरमालकानं दुसऱ्यालाच देऊन टाकली होती. मी पेटी आणि गोणी घेऊन पायरीवर बसलेली. रडत नव्हते, पण कुणी काही विचारलं असतं तर रडले असते. रिकामे डबे घेऊन नाना आले, गाडी लावली आणि विचारलंच.

"कुठली गं तू?"

"पाथर्डीकडची."

"आन एवढ्या लांब टोस्ट खायाला आलीस व्हय?"

त्यांनी माझी पेटी उचलून डब्यावर ठेवली आणि दोरीनं आवळायला लागले. "चल. आमच्यात एक खोली हाय. शेळी ऱ्हाती तिच्यात. तिला इचारावं लागंल, पर गरीब हाय बिचारी, न्हाई म्हनायची न्हाई."

घरी पोचलो तर मथुराकाकू, म्हणजे त्यांची बायको, दारातच उभी. म्हणाली, "शेळी इकून वरीस झालं. ह्यांच्या ध्यानातच ऱ्हात न्हाई. ये बाई, आत ये." त्या खोलीत आम्ही राहिलो, माझी मुलगी तिथंच रांगायला शिकली. त्यांना मूलबाळ नव्हतं. पण कधी "तू आम्हाला मुलीसारखी" असलं काही नाना बोलले नाहीत. शेवटपर्यंत मला "ए पाथर्डी" अशीच हाक मारली. माझ्या माहेराचं नाव इतक्या वेळा दुसऱ्या कुणी घेतलं नसेल.

त्यांच्या धंद्यातली एक गंमत सांगते. रोज टोस्ट घेणाऱ्या बाईनं एखाद्या दिवशी खारी मागितली की नाना हळूच म्हणायचे, "पाव्हनं आल्यात वाटतं." बाई लाजली की ओळखायचे, पोरगी बघायला आलेत. दुसऱ्या दिवशी त्या दाराशी गाडी जरा जास्त वेळ थांबायची. बातमी चांगली असली तर नानकटाईचा एक तुकडा तिथल्या पोरांच्या हातावर पडायचा, वाईट असली तर नाना मुकाट पुढं जायचे. पढेगावात एक म्हातारी होती, दात नसलेली. तिच्यासाठी डब्याच्या तळाचा मोडका टोस्ट बाजूला ठेवलेला असायचा, चहात लवकर भिजतो म्हणून. म्हातारी रोज भांडायची, मोडका का देतो म्हणून. नाना म्हणायचे, "आये, आक्खा देतो, दात दाव आधी." आणि म्हातारी तोंडाला पदर लावून हसायची.

हे सगळं त्या थंडीतल्या सकाळपर्यंतचं.

त्या दिवशी नाना फेरी करून आले ते नेहमीसारखे बेकरीत चहाला बसले. मीही तोवर बेकरीत कामाला लागले होते, समोर टोस्ट पिशव्यांत भरत होते. बघते तर चहा त्यांच्या शर्टावर गळतोय. त्यांनी कपाकडं बघितलं, म्हणाले, "फुटकाय का काय ह्यो?" आणि दुसरा कप मागितला. दुसऱ्यातूनही गळला. मग मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. डावा ओठ खाली उतरला होता, डावा डोळा मिटत नव्हता, आणि डावा हात मांडीवर ठेवलेला तसाच पडून होता, जणू दुसऱ्या कुणाचा आहे.

"नाना, कप चांगला आहे," मी म्हणाले.

श्रीरामपूरला नेलं. डॉक्टर भले होते, नीट समजावून सांगत होते. मेंदूतल्या एका शिरेत रक्त अडकलं होतं. थोडक्यात वाचलात. रक्तदाब फार वाढलाय. ही गोळी रोज सकाळी, कायमची, एक दिवससुद्धा चुकवायची नाही. पुन्हा झालं तर इतक्यावर भागणार नाही.

नानांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "आन वाऱ्याचं काय?"

"वाऱ्याचा काही संबंध नाही."

बाहेर आल्यावर म्हणाले, "मानूस शिकल्याला हाय, पर सकाळचा पुलावर कधी आल्ता का? तिथं वारं डाव्या अंगानं येतं. रोज ह्याच गालावर बसतं. आन झालं बी ह्याच अंगाला. मंग?"

मला ते खोटं वाटेना, कारण माझ्या आईनंसुद्धा हेच सांगितलं असतं. आमच्याकडं थंडीत पहाटेचं उसाच्या फडावर निघताना बाया पोरांचे गाल फडक्यानं बांधतात ते याच भीतीनं. डॉक्टर सांगत होते ती शीर कुणी बघितली नव्हती. वारा तर रोज गालाला लागत होता.

नानांचा हात महिन्याभरात बराच सुधारला, ओठ जागेवर आला. डोळा तेवढा सावकाश मिटायचा. धंदा सोडा म्हणून काकू मागं लागली. "सोडून काय करू? शेळी बी न्हाई राखायला," नाना म्हणाले. गाडी निघणार होती हे नक्की होतं. प्रश्न वाऱ्याचा होता. पुन्हा त्याला गालावर बसू द्यायचं नाही, एवढं एकच नानांनी मनात धरलं. गाडीच्या दिव्यावर कंपनीची बोटभर काच होती, नुसती शोभेची. तिला वर जोड द्यायचा त्यांनी ठरवलं.

पहिला जोड बेकरीतल्या बरणीचा. बटर ठेवतात ती मोठी प्लॅस्टिकची बरणी त्यांनी उभी कापली. तिचा गोलावा काढून सपाट करायची म्हणून ट्रेवर ठेवली आणि दुपारी भट्टी निवत आली होती तेव्हा आत सरकवली. "टोस्ट सरळ ऱ्हातो, मंग ही का न्हाई ऱ्हायची?" जरा वेळानं बाहेर काढली तर बरणी आवळून पापडासारखी वाकडी झालेली, वर दुधासारखी पांढरी. आणि वास! बेकरीचे शेठ धावत आले.

"नाना, अहो माझी भट्टी हाय का तुमचं गॅरेज?"

"शेठ, नवीन माल काढलाय. चहात बुडवून बघा."

शेठला हसू आवरलं नाही, म्हणून त्या दिवशी निभावलं.

मग नंबरप्लेटच्या दुकानातून ॲक्रिलिकचा उरलेला तुकडा आणला. त्याला भोक पाडताना तडा गेला. दुसरा आणला, तेव्हा चुलीत खिळा लाल करून त्यानं भोकं पाडली. वळण द्यायला भट्टीतला तापलेला ट्रे उलटा ठेवला, वर ओली गोणी, तिच्यावर तो तुकडा. मऊ झाला की मी आणि नाना दोघांनी फडकी हातात घेऊन तो पिठाच्या पिंपावर दाबून धरायचा. पिंपाचा गोलावा काचेला. नाना म्हणायचे, "दाब पाथर्डी, दाब. ऊस तोडनाऱ्यांची पोर ना तू, जोर कुठं गेला?" मी हसत दाबायचे. त्या दिवसांत मी पुष्कळ हसले. हे आता आठवलं की बरं वाटत नाही.

काच बसली. कडेला सायकलच्या ट्यूबचं रबर, खाली पत्र्याच्या पट्ट्या. नाना पूल ओलांडून आले आणि तोंड पाडून बसले. "छातीला लागत न्हाई. पर वारं काचेवरनं उडी मारतं आन डायरेक कपाळावर बसतं. आधी पसरून यायचं, आता नेम धरून येतंय."

वारा डोळ्यांना दिसत नाही, मग तो कुठं बसतो हे कळणार कसं? तेव्हा मी माझ्या मुलीच्या जुन्या लोकरीच्या झबल्याचे धागे उसवले आणि नानांच्या गालांच्या जागी, कपाळावर, कानटोपीला टाचून दिले. मग मी मागं बसायचे, नाना पुलावरून गाडी हाणायचे आणि मी वाकून बघायचे, कुठला धागा हलतोय.

"हलला का?"

"कपाळाचा हलतोय नाना. डावा पण."

"सरळ हलतोय का नाचतोय?"

"नाचतोय!"

पुलावरचे लोक बघत राहायचे. कानटोपीला तांबडे धागे लावलेला म्हातारा आणि मागं ओरडणारी मी. एक टेम्पोवाला शेजारून जाताना म्हणाला, "नाना, नवरदेव का काय?" नाना म्हणाले, "व्हय. करवली मागं बसलीय."

घरी येऊन जोड वाढवायचा, परत पुलावर. शेवटी त्यांनी काचेच्या वरच्या कडेला आणखी एक अरुंद पट्टी लावली, खिडकीच्या बिजागऱ्यांवर, पुढं-मागं कलती करता येईल अशी. ती दोन बोटं उंच आणि थोडी पुढं कललेली ठेवली तेव्हा पुलाच्या मधोमध सगळे धागे खाली पडले. एकही हलेना. मी सांगितलं. नानांनी गाडी थांबवली, कठड्याला टेकवली आणि नदीकडं तोंड केलं. मग म्हणाले, "वारं गावलं बग."

त्यांनी गोळ्या बंद केल्या त्या याच सुमाराला.

लपवून नाही. उघड सांगून. काकूनं सकाळी गोळी आणि पाणी पुढं केलं तर म्हणाले, "आता कशाला? वारंच लागत न्हाई. घोंगडी पांघरल्यावर शेकोटी करतो का आपन?"

"डॉक्टर म्हनले, कायमची."

"डॉक्टरनं काच बगितली व्हती का?"

काकू भांडली. रडली. एकदा गोळी भाकरीत घालून दिली, ती त्यांनी ताटाच्या कडेला काढून ठेवली. मी म्हणायचे, रोज म्हणायचे, "नाना, दोन्ही करा ना. काच पण आणि गोळी पण." ते म्हणायचे, "पाथर्डी, तू लई भेतीस. धागा हलला का? न्हाई ना? मंग." धागा खरंच हलत नव्हता. मी भितरी आहे हेही खरं. माझ्यासारखीचं भिणं कोण मनावर घेतं? ती तर रोजच भिते. मी नवऱ्याला सांगितलं, त्यानं शेठना सांगितलं, शेठ नानांना बोलले. त्यांनाही नानांनी गाडीवर बसवून पुलावरून एक फेरी मारून आणली. शेठ परत येऊन म्हणाले, "काच मात्र झकास केलीय."

ते नानांचे सगळ्यात आनंदाचे महिने. उक्कलगावची पोरं गाडी दिसली की ओरडायची, "विमान आलं, विमान आलं!" पढेगावची म्हातारी म्हणाली, "काचंच्या आडनं मोडका टोस्ट इकतोस व्हय रं?" वाटेतले दूधवाले थांबून काच बघायचे, हात लावायचे, आम्हालाही करून द्या म्हणायचे. नानांनी एक-दोघांना करून दिली. प्रत्येकाला पुलावर नेऊन धागे लावून दाखवायचे, आणि वर सांगायचे, "थंडीत तोंड वाकडं व्हतं ते ह्यानं व्हत न्हाई. मी सोता हाय की समोर." सांगताना डावा डोळा सावकाश मिटायचा, मागाहून आल्यासारखा. मला तेवढाच दिसत राहायचा.

थंडी गेली. शिमगा झाला. चैत्रातली ती दुपार अशी होती की वाऱ्याचं नाव नाही. अंगणात शेवग्याचं झाड आहे. शेवग्याचं पान म्हणजे कुणी जवळून चाललं तरी हलणारं, तेसुद्धा गप्प उभं. नाना झाडाखाली बसून पढेगावच्या दूधवाल्यासाठी काच करत होते. मी उंबऱ्यात मुलीचं डोकं विंचरत होते. नानांनी चुलीतून लाल खिळा पकडीनं काढला, काचेवर टेकवला, आणि काहीतरी बोलले. मला वाटलं, मलाच हाक मारली. पण त्या आवाजात शब्दच नव्हता. मग पकड हातातून सुटली. खिळा धोतरावर पडला आणि धोतर जळायला लागलं, तरी नाना तो उचलेनात, नुसते बघत राहिले. मी धावत जाऊन कपडा विझवला. या वेळी उजवी बाजू होती. उजवा हात, उजवा पाय, आणि वाचा.

टेम्पो येईपर्यंत मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. डोळे उघडे होते, समजत होतं सगळं. डावा हात वर गेला. आधी मला वाटलं, पाणी मागतायत. मग कळलं, ते झाडाकडं बोट दाखवतायत. वर बोट, मग माझ्याकडं नजर, परत वर बोट. पान हलत नव्हतं. तेच ते दाखवत होते मला. वारा नाही, आणि तरी हे झालं. विचारत होते की सांगत होते, देव जाणे. मी "हो नाना, हो नाना" म्हणत राहिले.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या चालू होत्या का? काकू भिंतीकडं बघत राहिली. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं नाही.

जीव वाचला. पण तो आवाज गेला. घरी आणल्यावर खाटेवर पडून किंवा उशीला टेकून बसलेले. तोंडातून एकच "आं" निघायचा. भूक लागली तरी तोच, राग आला तरी तोच. नानांची गिऱ्हाईकं भेटायला यायची. पढेगावची म्हातारी लेकाच्या गाडीवर बसून आली. दारातून बघितलं आणि म्हणाली, "काच लावली हुती की रं बाळा." एवढंच म्हणून परत गेली. दूधवाल्यांनी आपापल्या गाड्यांच्या काचा काढल्या नाहीत. त्यांना नानांचं सगळं माहीत होतं, तरी. मला वाटतं, काढाव्यात असं कुणाच्या मनातच आलं नाही. थंडीत अजून पुलावर त्यांचा उपयोग होतो, आणि काच चांगली आहे यात काही खोटं नाही.

काकूनं मात्र खोलीची खिडकी बंद करून फटीत चिंध्या कोंबल्या. दार लोटलेलं. भर उन्हाळ्यात नानांच्या गळ्याला आणि कानाला मफलर. मी म्हणाले, "काकू, उकडतंय त्यांना." म्हणाली, "उकडू दे. आता आनी एक झटका बसला तर काय ऱ्हाईल?" गोळी मात्र आता रोज वेळेवर जात होती, वाटून, चमच्यातून. नाना तोंड उघडायचे. कुरकुर नाही, काही नाही. पूर्वी ज्या गोळीशी एवढं भांडण, ती लहान पोरासारखी घ्यायचे. मला त्यांचं ते ऐकणं बघवायचं नाही.

त्याच उन्हाळ्यात नवऱ्याला इकडं अंकलेश्वरला बिस्किटांच्या कारखान्यात काम लागलं. जायच्या दिवशी दुपारी मी मुलीला घेऊन त्यांच्या खोलीत गेले. आत अंधार, कोंदट हवा, औषधाचा आणि घामाचा वास. नाना भिंतीला टेकून बसलेले. कपाळावरून घाम ओघळत होता, मफलर ओला झाला होता. मी पाया पडले. मुलीला पडायला लावलं. मला वाटलं होतं, काहीतरी बोलीन. तुम्ही ती पेटी गाडीवर ठेवली नसती तर आम्ही कुठं गेलो असतो, असलं काहीतरी. घोकून आले होते. पण नाना माझ्याकडं बघतच नव्हते. त्यांची नजर छताला लागली होती आणि डावा हात वर उचलला होता.

"आं," ते म्हणाले.

काकूनं वर बघितलं, मान हलवली. "न्हाई. पंखा न्हाई लावायचा."

"आं."

"अवो, वारं लागंल."

नानांनी हात खाली घेतला नाही. काकू माझ्याकडं बघायला लागली, जणू मी काही सांगीन. मग ती उठली. बटण दाबलं, आणि कळ एकावर ठेवली. पंखा सावकाश फिरायला लागला.

"आं," नाना म्हणाले, आणि बोटानं गोल फिरवून दाखवलं. अजून. काकूनं दोनवर केली. अजून. तीनवर. मग शेवटपर्यंत.

पंखा गरगरायला लागला. भिंतीवरचं कॅलेंडर फडफडलं, खिडकीच्या फटीतली एक चिंधी खाली पडली. नानांनी डाव्या हातानं मफलरचं टोक धरलं आणि ओढत ओढत तो सोडवला. फार वेळ लागला त्याला. काकू मदतीला वाकली तर तिचा हात बाजूला केला. मफलर मांडीवर पडला. मग त्यांनी मान मागं टाकली आणि सगळं तोंड वर, पंख्याखाली धरलं, दोन्ही गाल, कपाळ, गळा.

काकूनं विचारलं, "बंद करू का आता?"

त्यांनी ऐकल्यासारखं केलं नाही. डोळे उघडेच होते.

बाहेर नवरा हाक मारत होता, गाडीची वेळ झाली म्हणून. मी मुलीला उचललं आणि दार लोटून न घेता तसंच उघडं ठेवून निघाले. काकूनंही ते लावून घेतलं नाही.